जाहिरातीतला घोडेस्वार भिंतीवर चढतो तेव्हा

मामा : घोडा दुसऱ्याने शोधला, उजेड दुसऱ्याने पकडला, बटण दुसऱ्याने दाबलं. आणि भिंतीवर नाव कुणाचं? रिचर्ड प्रिन्सचं. तुम्ही संग्रहालयवाले हे खपवून कसं घेता, हेच मला कळत नाही.

मी : चित्र दुसऱ्याचं आहे हे तो लपवत नाही, मामा. त्याचं म्हणणंच ते आहे.

मामा : म्हणणं त्याचं आणि मेहनत कुणाची?

माझा मामा हयातभर जाहिरातींसाठी छायाचित्रं काढत आला. साबण, पंखे, साड्या, प्रेशर कुकर. मी संग्रहालयात काम करते, चित्रांशेजारची माहितीची कार्डं लिहिते. प्रिन्सच्या काउबॉय चित्रांवर आमचं एकमत कधीच झालेलं नाही, आणि विषय निघाला की दोघांपैकी कुणीही तो अर्ध्यावर सोडत नाही. 

ज्यांनी ही चित्रं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1970 च्या दशकात प्रिन्स न्यूयॉर्कमध्ये टाइम-लाइफ कंपनीत नोकरी करत होता. मासिकांतले लेख कापून ते संपादकीय विभागाकडे पोचवायचे, हे काम. लेख गेले की टेबलावर उरायच्या त्या जाहिराती. त्या उरलेल्या पानांची तो कॅमेऱ्याने छायाचित्रं काढू लागला. 1980 पासून त्याने मार्लबोरो सिगारेटच्या जाहिराती घेतल्या. त्यांतलं सिगारेटचं पाकीट, मजकूर, आरोग्याचा इशारा फ्रेमबाहेर जाईल अशी चौकट धरली आणि पुढे त्यांचे भिंतभर प्रिंट केले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात यातलं 1989 चं एक चित्र आहे, 127 बाय 178 सेंटीमीटर. ‘अनटायटल्ड (काउबॉय)’ या मालिकेतलं एक चित्र 2005 साली क्रिस्टीजच्या लिलावात 12 लाख 48 हजार डॉलरला गेलं. लिलावात 10 लाख डॉलरच्या पुढे गेलेलं ते पहिलं छायाचित्र. त्यामागचं मूळ चित्र सॅम एबेल या छायाचित्रकाराने सिगारेटच्या जाहिरातीसाठी काढलेलं होतं.

मामा : तुझ्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. जाहिरातीचं छायाचित्र कधी एकटं जन्माला येत नाही. आर्ट डायरेक्टर आधी लेआउट काढून देतो. इथे ओळ येणार, इथलं आभाळ मोकळं ठेव. इथे खाली पाकीट बसणार, इथे गवत गडद नको. मी डोळा लावतो तेव्हा त्या अजून न छापलेल्या गोष्टीही मला फ्रेममध्ये दिसत असतात. त्या धरूनच तोल साधलेला असतो. प्रिन्स ओळ कापतो, पाकीट कापतो, मग घोडेस्वार कडेकडे सरकतो आणि समीक्षक लिहितात की रचनेत एक विलक्षण अस्वस्थपणा आहे. अस्वस्थपणा असणारच, अर्धं पान गायब आहे.

मी : पण त्या गायब होण्यामुळेच मी पहिल्यांदा थांबते ना. मासिकात असताना त्या पानाकडे कोण बघत होतं? बघू नये म्हणूनच ते केलेलं होतं. लेख वाचता वाचता पान उलटलं, लाल सूर्य दिसला, टोपी दिसली, दोरखंड दिसला, झालं. मनात काय शिरलं ते वाचणाऱ्याला कळतही नाही. तेच पान माणसाहून रुंद होऊन भिंतीवर आलं की छपाईचे ठिपके दिसतात, रंग फुटलेले दिसतात. हे बनवलेलं चित्र आहे, हे तेव्हा कळतं. मग प्रश्न पडतात. हा माणूस एकटाच का? याला मालक नाही का, पगार नाही का? ट्रक कुठेच का दिसत नाही? खऱ्या काउबॉयांमध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन पुष्कळ होते, ते कुठे गेले? ज्यांची ती जमीन होती ते मूळ रहिवासी कुठे गेले? 

मामा : हे प्रश्न पानावरही विचारता आले असते. त्याला डोकं लागतं, भिंत लागत नाही.

मी : विचारता आले असते. पण विचारले गेले नाहीत, वीस-पंचवीस वर्षं.

इथे मामा गप्प राहिला, पण पटलं म्हणून नव्हे. त्याने उठून कपाटातून जुनी कात्रणं काढली. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’चे जुने अंक मिळायचे, ते त्याच्या पिढीचं प्रशिक्षण होतं. लेख वाचायला नव्हे, जाहिराती बघायला आणले जायचे. प्रकाश कुठून टाकलाय, घोड्याच्या खुराखालची धूळ मागून उजळलीय का पुढून, याच्यावर त्याने आणि त्याच्या मित्रांनी रात्री घालवल्या आहेत. मामाला प्रिन्सचा राग का येतो हे मला त्या कात्रणांवरून कळतं. ज्या पानांना प्रिन्सने उरलेली पानं म्हणून उचललं, ती मामाची पाठ्यपुस्तकं होती.

मी : मग तुला हेही माहीत असेल की ते चित्र जाहिरातीतही उसनंच आलं होतं. मार्लबोरो 1924 पासून बायकांची सिगारेट म्हणून विकली जायची. 1950 च्या दशकात फिल्टर आला. फिल्टरची सिगारेट पुरुषांना नाजूक वाटेल, म्हणून शिकागोच्या लिओ बर्नेट एजन्सीने रांगडा पुरुष आणला. त्याचं बीज कुठलं? 1949 चा ‘लाइफ’चा अंक. लेनर्ड मॅककोंब या वृत्तछायाचित्रकाराने टेक्सासच्या जेए रँचवरचा मुकादम क्लॅरेन्स हेली लाँग याची छायाचित्रं काढली होती. एका कामकरी माणसावरचा तो वृत्तांत होता. म्हणजे बातमीतून जाहिरात आणि जाहिरातीतून संग्रहालय. घर बदललं की अर्थ बदलतो, आणि हे घर आधीच एकदा बदललेलं होतं. ते बदललं तेव्हा तुझ्या जाहिरातवाल्यांनी कुणाला विचारलं?

मामा : बरोबर बोललीस. लाँग गुरं हाकत होता, एजन्सीने त्याला मोकळा राजा केला. पण पुढचं ऐक. जाहिरात खोटं बोलत होती, तरी ती कुणासाठी बोलते हे पानावरच लिहिलेलं होतं. ब्रँडचं नाव होतं. 1972 पासून अमेरिकेत प्रत्येक छापील जाहिरातीवर इशारा असायचा, की हे आरोग्याला घातक आहे. प्रिन्सने नाव कापलं तसा इशाराही कापला. वेन मॅकलारेन माहितीय ना? मार्लबोरोच्या जाहिरातींत होता, फुफ्फुसाच्या कॅन्सरने 1992 साली गेला, 51 वर्षांचा होता. शेवटच्या काळात सिगारेटविरुद्ध बोलत फिरला. डेव्हिड मॅक्लीन, तोही जाहिरातींतला, 1995 मध्ये त्याच रोगाने गेला. आता सांग, तुझ्या त्या भव्य प्रिंटसमोर उभ्या राहिलेल्या पोराला यातलं काय कळतं? त्याला घोडा दिसतो, संध्याकाळ दिसते. तो म्हणतो, वा! टीका आहे म्हणून तू सांगतेस, चित्र तर कौतुकच करतंय.

हा मुद्दा मला सोडवता आलेला नाही आणि आजही येत नाही. मेट्रोपॉलिटनचं ते चित्र देखणं आहे. प्रिन्सने त्याला कुरूप केलं असतं तर टीका सोपी झाली असती, पण मग जाहिरातीची ओढ कशी काम करते हे दिसलं नसतं. ओढ दाखवायची तर ती शाबूत ठेवावी लागते. आणि शाबूत ठेवली की ती आपलं काम करतच राहते, भिंतीवरसुद्धा.

मी : एक बघ. अमेरिकेत जानेवारी 1971 मध्ये सिगारेटच्या जाहिराती टीव्ही-रेडिओवरून गेल्या. म्हणून सगळा पैसा मासिकांत आणि होर्डिंगवर आला. प्रिन्सच्या टेबलावर इतके काउबॉय का पडत होते त्याचं कारण ते. पुढे 1998 मध्ये राज्यांनी कंपन्यांशी मोठी तडजोड केली आणि 1999 मध्ये होर्डिंगही उतरली. आपल्याकडे तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा 2003 चा कायदा आला. म्हणजे आज तो घोडेस्वार एवढ्या मोठ्या आकारात बघायचा तर अमेरिकन माणसाला कुठे जावं लागतं? संग्रहालयात.

मामा : म्हणजे शेवटचं होर्डिंग तुम्ही लावलंत.

मी : किंवा पहिल्यांदाच त्याच्यापुढे उभं राहून वाद घालायची जागा दिली. रस्त्यावरच्या होर्डिंगशी कुणी वाद घालत नाही.

मामा : वाद घालायला माहिती लागते. ती कुठे दिलीत? शीर्षक काय, तर अनटायटल्ड. छायाचित्रकार कोण, तर प्रिन्स. एजन्सी नाही, ब्रँड नाही, एबेल नाही. 2007 मध्ये गुगेनहाइमला प्रिन्सचं मोठं प्रदर्शन झालं. जिम क्रँट्झ नावाचा जाहिरात छायाचित्रकार ते बघायला गेला आणि त्याने काढलेलं चित्र त्याला तिथे प्रिन्सचं म्हणून भेटलं. पैसे मागत नव्हता तो. ओळख मागत होता.

मी : एक अप्रिय गोष्ट बोलू? त्याची ओळख प्रिन्सने पुसलेली नाही. ती आधीच पुसलेली होती. त्या जाहिरातीच्या कोपऱ्यात क्रँट्झचं नाव होतं का? तुझं एकाही जाहिरातीवर आहे का? वर्तमानपत्रातल्या छायाचित्राखाली नाव येतं, जाहिरातीखाली येत नाही. प्रिन्सला नाव कापावंच लागलं नाही.

मामा बराच वेळ कात्रणं चाळत राहिला. मग जे बोलला ते मला या सगळ्या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मामा : नाव येणार नाही हे कबूल करून मी पैसे घेतले. खोटं बोलणार नाही, बरे पैसे घेतले. पण कशासाठी कबूल केलं होतं? त्या पानासाठी. अमुक महिन्याचा अंक, अमुक कंपनीची जाहिरात, छापून झाली की रद्दीत. त्या पानावर माझं नाव शोभलंच नसतं, तिथे माझं काही म्हणणं नव्हतं, क्लायंटचं होतं. पण चित्र त्या पानावरून उतरून तुझ्या भिंतीवर आलं, की तो सौदा संपला. आता नवा सौदा. आता तुम्ही म्हणताय की हे चित्र बघण्यासारखं आहे. बघण्यासारखं कुणी केलं, ते सांगा मग.

मी : कायदाही काही अंशी तुझ्याच बाजूने आहे. निदान भारतात.

हे मला सविस्तर सांगायला हवं, कारण पान आणि भिंत यांतला फरक कायद्यानेही ओळखला आहे आणि दोन देशांत दोन तऱ्हांनी ओळखला आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार कुणी पैसे देऊन छायाचित्र काढून घेतलं तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक तो पैसे देणारा. मामाच्या साबणाच्या चित्राची मालक कंपनी. पण कलम 57 म्हणतं की हक्क विकले तरी ही कृती माझी आहे असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. अमेरिकेने 1990 साली दृश्यकलाकारांसाठी असाच कायदा केला, पण तो छायाचित्राला लागू होतो तो केवळ प्रदर्शनासाठी काढलेल्या, सही केलेल्या आणि जास्तीत जास्त 200 क्रमांकित प्रतींच्या छायाचित्राला. जाहिरात त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे भिंतीसाठी काढलेल्या छायाचित्राला बाप असतो आणि पानासाठी काढलेलं पोरकं. पोरकं छायाचित्र पुढे भिंतीवर पोचलं तर काय, याचा विचार त्या कायद्यात नाही.

2023 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अँडी वॉरहॉलच्या चित्राचा खटला होता. गायक प्रिन्सचं (हा वेगळा प्रिन्स) लिन गोल्डस्मिथने 1981 मध्ये काढलेलं छायाचित्र घेऊन वॉरहॉलने चित्रमालिका केली होती. वॉरहॉलच्या मृत्यूनंतर त्यातलं एक चित्र एका मासिक-कंपनीला 10 हजार डॉलरला वापरायला दिलं गेलं. न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी गोल्डस्मिथच्या बाजूने कौल दिला. दोन्ही चित्रांचं तिथलं काम एकच होतं, गायकावरच्या मजकुराबरोबर मासिकात छापलं जाणं. मात्र वॉरहॉलच्या मूळ चित्रांची निर्मिती, विक्री आणि प्रदर्शन यांविषयी बहुमताने मत दिलं नाही. मला यात शहाणपण दिसतं. चित्र बेकायदा आहे का, असा सरसकट प्रश्न त्यांनी विचारला नाही. ते या जागी काय काम करतंय, असं विचारलं. 

मामा : बघ, न्यायाधीशांनाही कळलं. भिंत म्हणजे काही गंगा नव्हे, की तिला लागलं आणि सगळं शुद्ध झालं.

मी : पण जागा बदलणं म्हणजे नेहमी चोरीच असते असंही नाही ना. उलट्या दिशेचं उदाहरण घे. थेरीज फ्रेअरने 1990 मध्ये ओहायोत डेव्हिड किर्बीचं छायाचित्र काढलं. एड्सने मरणाऱ्या मुलाचं डोकं बापाने कवटाळलंय. ‘लाइफ’मध्ये आलं, काळंपांढरं. 1992 मध्ये ऑलिव्हिएरो तोस्कानीने ते रंगवून घेऊन बेनेटन कपड्यांची जाहिरात केली. एका कोपऱ्यात बेनेटनच्या नावाची हिरवी पट्टी, बाकी तेच. त्या हिरव्या पट्टीने जग पेटलं. एड्सवर काम करणाऱ्या संस्थांनीसुद्धा निषेध केला. 

मामा : आणि किर्बीच्या आईबापांनी?

मी : त्यांनी होकार दिला होता. त्यांना ते चित्र जगाने बघायला हवं होतं, आणि बेनेटनइतकं लांब ते दुसरं कुणी नेलं नसतं.

मामा : मग उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. त्यांना विचारलं होतं. हिरवी पट्टी होती, म्हणजे कुणाचा पैसा हेही समोर होतं. म्हणून लोक भांडू शकले. कुणाशी भांडायचं हे त्यांना दिसत होतं. प्रिन्सच्या चित्रापुढे कुणाशी भांडू?

या उत्तराने माझा पवित्रा बदलला, हे लिहायला हवं. मी आजवर मानत होते की संग्रहालय जाहिरातीचा मजकूर काढून तिला उघडं पाडतं. मजकूर काढल्याने चित्र उघडं पडतं, हे मी अजूनही म्हणते. पण त्याच वेळी व्यवहार झाकला जातो. कुणी पैसे दिले, कुणी काढलं, कुणी समोर उभं राहिलं, कुणाला काय विकलं गेलं. दिसणं आणि कळणं यांत संग्रहालय दिसण्याची बाजू घेतं, कारण त्याचं घर दिसण्यावर चालतं. पांढरी भिंत, वरून येणारा एकसारखा उजेड, दोन चित्रांमधली मोकळी जागा, प्रतींची मोजकी संख्या, या सगळ्यांचा मिळून एक आदेश असतो की हे एका माणसाचं आहे आणि ते एकटं बघा. मासिकाच्या लाखो प्रती होत्या आणि प्रत्येक पान बऱ्याच जणांचं होतं. प्रिन्सने या आदेशाचा उपयोग करून घेतला. तो त्याचा डाव होता आणि मला तो अजूनही धारदार वाटतो. पण तो डाव प्रिन्सचा. कार्ड लिहिणाऱ्या माझ्यासारखीला तो तसाच पुढे चालवायचं कारण नाही.

नॉर्म क्लासेन यानेही मार्लबोरोसाठी घोडेस्वार टिपले होते. 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत त्याने आपले मूळ प्रिंट मांडले, नाव ठेवलं ‘टायटल्ड (काउबॉय)’. मामाला हे फार आवडतं. मला आवडतं, पण पुरेसं वाटत नाही. तिथेही भिंत एकाच माणसाची झाली, फक्त माणूस बदलला.

मामा : आपल्याकडे मित्तर बेदी बघ. मुंबईतला आमचा मोठा माणूस. गिरण्या, चिमण्या, पाइप, बॉयलर, कंपन्यांच्या कामासाठी काढलेली चित्रं. तीच आता कलादालनांत लागतात, नव्या भारताचं रूप म्हणून. मला अभिमान वाटतो. आणि बघताना वाटतं, खाली कारखान्याचं नाव तरी नीट लिहा. त्यात उभा असलेला कामगार आकार कळावा म्हणून उभा केलेला असतो, हे तरी सांगा.

मी : तुझ्या साबणाच्या चित्राचं मी तेच म्हणणार होते. आमच्या प्रदर्शनासाठी मला ती ट्रान्सपरन्सी हवी आहे. नवा प्रिंट करू, मोठा. त्या मुलीच्या ओल्या केसांवर तू मागून टाकलेला उजेड आजही कुणाला जमणार नाही.

मामा : देतो. पण शेजारी छापलेली जाहिरात लागली पाहिजे. अख्खी. ओळीसकट.

मी : जुना मासिकाचा कागद आहे, त्याला 50 लक्सच्या वर उजेड देता येत नाही. तुझा प्रिंट शेजारी असला तर तोही अंधारात जाईल.

मामा : जाऊ दे अंधारात.

मी : आणि मामा, त्या ओळीत गोरेपणाचं वचन आहे. ओळ नसेल तर लोक प्रकाशयोजना बघतील. ओळ असेल तर तुलाही जाब विचारतील.

मामा : विचारू देत. त्या ओळीसाठीच तो उजेड टाकला होता. ओळ काढलीस तर मी तिथे दिव्यांशी खेळत होतो असं वाटेल.

मी : कार्डावर कुणाकुणाची नावं देऊ?

मामा : आर्ट डायरेक्टरचं दे, लेआउट त्याचा. माझं दे. आणि ती मुलगी. एका नाटकात छोटं काम करत होती, एका दुपारचे पैसे घेऊन गेली. तिची सही व्हाउचरवर असेल, वह्या माळ्यावर आहेत. सापडली तर आधी तिला शोध आणि विचार, तिला भिंतीवर यायचंय का.

मी : आणि ती नाही म्हणाली तर?

मामा : तर प्रेशर कुकरचं चित्र लाव.